दोघांनी मिळून सेवेला जायचं तर निघण्याआधी काय करावं

मिशनच्या सेवेला जायचं म्हणून मुलाखत होती, तिथे आम्हाला वेगवेगळं बसवलं. मिशनच्या कमिटीतल्या एका वयस्क बाईंनी आधी ह्यांना आत घेतलं, मी बाहेर बाकावर. मग मी आत, हे बाकावर. दोघांना प्रश्न एकच, “पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाची हाक, नक्की कोणाला आहे?” ह्यांनी सांगितलं, “हिला. मी आपला हिच्या सोबतीला.” मी सांगितलं, “ह्यांना. मला त्यांचं मन मोडवेना.” बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, आम्हाला एकत्र बोलावलं आणि चष्मा पुसत म्हणाल्या, “म्हणजे कोणालाच नाही. तीन महिन्यांनी या.”

भायखळा येईपर्यंत बसमध्ये आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

पुढे आम्ही गेलो. नंदुरबार जिल्ह्यात नवापूरच्या पलीकडे एका गावी मिशनच्या बोर्डिंगात, म्हणजे शाळेच्या मुलांच्या वसतिगृहात, अठरा महिने राहून आलो. मी पालिकेच्या रुग्णालयात एकतीस वर्षं नर्स होते, हे बेस्टच्या आगारात मेकॅनिक. परत आल्यापासून आमच्या चर्चच्या मंडळीतली जोडपी उपासना सुटली की मला गाठतात आणि पहिलं विचारतात, “सामान काय काय न्यायचं?” सामानाचं मी शेवटी सांगते. ते सगळ्यात सोपं आहे.

कोणाला जायचंय ते आधी

झालं होतं असं. बोर्डिंगचे वॉर्डन एका रविवारी आमच्या चर्चमध्ये आले होते. मुलं किती, माणसं किती कमी, रात्री कोणाला ताप भरला तर मोटरसायकलवर मध्ये बसवून आरोग्य केंद्रात कसं न्यावं लागतं, असं सगळं त्यांनी सांगितलं. ऐकताना माझे डोळे भरून आले. ते बघून ह्यांनी मनाशी ठरवलं की हिला जायचंय. पायऱ्या उतरताना हे म्हणाले, “कोणीतरी जायला पाहिजे.” ते ऐकून मी ठरवलं की ह्यांना जायचंय. छत्तीस वर्षांच्या संसारात एकमेकांच्या मनातलं ओळखण्यात आम्ही इतके पटाईत झालो होतो की विचारायची पद्धतच बंद पडली होती.

म्हणून अर्ज भरण्याआधी हे करा. दोघांनी दोन कागद घ्यायचे, एकाने स्वयंपाकघरात बसायचं, दुसऱ्याने गॅलरीत, आणि तीन गोष्टी लिहायच्या. मला का जायचंय. मला भीती कशाची वाटते. काय झालं तर मी अर्ध्यातून परत येईन. मग कागद बदलायचे. वाचताना तोंडातून शब्द काढायचा नाही. जे काही बोलायचं ते दुसऱ्या दिवशी.

ह्यांच्या भीतीच्या रकान्यात होतं, “हिला तिथे काम असेल, मला नसेल.” माझ्या रकान्यात होतं, “हे आजारी पडले तर मी नर्स की बायको?” परत येण्याबद्दल ह्यांनी नातवाचं नाव लिहिलं होतं. मी लिहिलं होतं, “ह्यांच्या पायाला जखम झाली आणि आठ दिवसांत भरत आली नाही तर.” ह्यांना बारा वर्षं मधुमेह आहे. ते वाचून हे म्हणाले, “सिस्टर, तुम्ही केस पेपर लिहिलाय.” पण तो कागद आम्ही सोबत नेला आणि एकदा तो उपयोगी पडला. पायाला लागलं होतं, हे “काही नाही” म्हणत होते. मी कागद काढून दाखवला, तेव्हा कुठे हे निमूटपणे नवापूरला डॉक्टरकडे आले.

दोघांना हाक एकाच वेळी ऐकू येते असंही नाही. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा आपल्या मुंबईत झाला, फेब्रुवारी १८९५ मध्ये. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला १९०० साली. मध्ये पाच वर्षं गेली, आणि त्या वर्षांत काय काय झालं ते आपल्या लोकांना मी सांगायला नको. एकाचं मन नसेल तर थांबा. “तिथे गेल्यावर आवडेल” म्हणून बायकोला किंवा नवऱ्याला नेऊ नका. तिथे करमणुकीला फक्त तुम्हीच असता.

तीन महिन्यांनी बाईंनी तोच प्रश्न विचारला. हे म्हणाले, “अर्धं हिला, अर्धं मला.” बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पुढचा कागद काढला.

कामाचे कागद दोन मागा

पाळकसाहेबांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं) शिफारसपत्र, डॉक्टरांचा दाखला, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला, आधारच्या प्रती, फोटो. हे सगळीकडे मागतात आणि सगळे ते देतात. पोलिसांच्या दाखल्याला वेळ लागतो, तो आधी टाका. मुलांमध्ये राहायचं असेल तर त्या दाखल्याचा अपमान वाटून घेऊ नका. आमच्या पिढीतल्या काही जणांना वाटतो. उलट तुम्हीच विचारा की बोर्डिंगचे नियम काय आहेत, मुलाला एकट्याला खोलीत घेऊन बसायचं नाही हे लिहिलेलं आहे का, तक्रार कोणाकडे करायची. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना सांगणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. “आपल्या संस्थेचं नाव खराब होईल” हा विचार तिथे चालत नाही.

पण न मागता कोणी देत नाही असा एक कागद आहे, तो म्हणजे तुमचं काम काय. जोडपं गेलं की बहुतेक वेळा एकाचं काम ठरलेलं असतं आणि दुसरा नुसता बरोबर असतो. नर्स, शिक्षिका, हिशेबनीस यांचं काम ठरलेलं. मेकॅनिकला “तुम्ही आहातच की” असं सांगतात. “आहातच की” म्हणजे सकाळी नऊपासून खुर्चीत बसणं.

आमचं पहिल्या महिन्यात तसंच झालं. मला उसंत नव्हती. हे अंगणात. तिसऱ्या आठवड्यात ह्यांनी माझी औषधांची फडताळं लावायला घेतली, माझी मांडणी मोडली, आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं. ते भांडण फडताळाचं नव्हतं, पण त्या वेळी मला ते फडताळाचंच वाटत होतं. मग वॉर्डनना आम्ही दोघांनी मिळून विचारलं की इथे बिघडलेलं काय काय आहे? यादी दोन पानं भरली. विहिरीवरचा पंप, अकरा पंखे, दळणाची चक्की, सायकली, स्वयंपाकघरातली धुराची नळी. ह्यांनी रोज दुपारी दोन मोठ्या मुलांना हाताशी घेऊन एकेक दुरुस्त करायला सुरुवात केली. हाच प्रश्न मुंबईतून फोनवर विचारला असता तर लोहार चाळीतून तारा, कपॅसिटर, स्विच निम्म्या किमतीत नेता आले असते. म्हणून सांगते, निघायच्या आधी दोघांच्या नावाने दोन वेगळे कागद मागा. सकाळी काय, दुपारी काय, वरिष्ठ कोण, सुट्टी कधी.

नर्स असाल तर तुमच्या नोंदणीचं नूतनीकरण करून घ्या आणि तिथल्या डॉक्टरांकडून लेखी घ्या की तुम्ही काय द्यायचं आणि काय नाही. गावात तुम्हाला डॉक्टरच समजतात. त्यात सुखावू नका.

खोली बंद करून जाताना

आमची पागडीची, म्हणजे ठोक रक्कम देऊन कमी भाड्याने घेतलेली, खोली आहे, तेव्हा पागडीवाल्यांनी हे नीट वाचावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे जागा सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापरात नसेल तर त्या मुद्द्यावर घरमालक जागा परत मागण्याचा दावा लावू शकतो. आमच्याकडे नवीन बॅगा आल्या त्याच आठवड्यात घरमालकाचा माणूस जिन्यात भेटला. “काय मावशी, गावाला कायमचे?” आवाजात माया फार होती.

आम्ही वकिलांना विचारून असं केलं. दर तीन महिन्यांनी दोघांपैकी कोणीतरी येऊन पाच-सहा दिवस राहायचं. भाडं महिन्याच्या महिन्याला, पावती घेऊन. लाईटबिल शून्य युनिटचं येता कामा नये. रेल्वेची तिकिटं जपून ठेवायची. भाच्याला “जरा राहा” म्हणून खोलीत ठेवायचा मोह होतो, तो टाळा. पोटभाडेकरू ठेवला असा आरोप झाला की तो निस्तरणं वेगळंच. आमच्या मुलाकडे एक किल्ली आणि समोरच्या वहिनींकडे एक, एवढंच.

सोसायटीत स्वतःचा फ्लॅट असेल तर तुमचं काम सोपं. भाड्याने द्या, करार नोंदवून घ्या, सोसायटीला आणि पोलिसांना कळवा. बंद ठेवणार असाल तर पाण्याचा मुख्य कॉक आणि गॅस बंद करून जा. फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवा. हे मी सांगायला नको, पण आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने अर्धा किलो सुरमई आत ठेवून सहा महिन्यांसाठी कुलूप लावलं होतं.

दाखले, पैसे, मृत्युपत्र

सेवेला पगार नाही. आम्हाला खोली आणि मुलांच्या पंगतीतलं जेवण मिळायचं. औषधं, प्रवास, फोन, चहा-साखर, मुलांना अधूनमधून खाऊ हा खर्च आमचा. महिन्याला साडेनऊ हजारांच्या आसपास जायचे. त्याच्या वर मुंबईच्या खोलीचं भाडं, लाईट आणि विमा. जाण्याआधी तीन महिने इथेच त्या रकमेत राहून बघा. उरलेली पेन्शन वेगळ्या खात्यात टाका आणि ते खातं दोघांच्या नावावर ठेवा, कोणीही एकट्याने काढू शकेल असं.

नोव्हेंबर विसरू नका. हयातीच्या दाखल्याचा महिना. ज्यांची पेन्शन जीवन प्रमाणला, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन दाखल्याच्या सोयीला, जोडलेली आहे त्यांना फोनवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, पण त्याला आधार जोडलेलं लागतं, नेटवर्क लागतं आणि हात न थरथरणारं कोणीतरी लागतं. ईपीएफओची (भविष्य निर्वाह निधी संघटनेची) पेन्शन असणाऱ्यांना दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि तो एक वर्ष चालतो, म्हणून ह्यांचा आम्ही निघण्याच्या आठवड्यात देऊन टाकला. माझा मी “करू सावकाश” म्हणत राहिले. डिसेंबरात पेन्शन आली नाही. चूक सर्वस्वी माझी.

तसंच ओटीपीचं. बँकेचा नंबर ज्या सिमकार्डावर, त्या कंपनीचं नेटवर्क तिथे आहे का ते वॉर्डनना आधी विचारा. आमच्याकडे ह्यांच्या फोनला फक्त टेकडीवर दांडी यायची. तिथे चढून जाऊन ओटीपी वाचून खाली येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असायची. नंतर हे फोन आणि कागद दोन्ही घेऊनच चढायला लागले.

मृत्युपत्र करून जा. आपल्या ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश. अनेक बायकांना वाटतं की नवऱ्यामागे सगळं आपलंच. तसं नाही. दोन साक्षीदार घ्या, आणि ज्यांना काही द्यायचंय त्यांना किंवा त्यांच्या नवरा-बायकोला साक्षीदार करू नका.

औषधं

इथे माझ्यातली नर्स बोलणार, तेव्हा सहन करा.

निघण्याच्या दोन महिने आधी दात, डोळे, इसीजी, साखरेची तीन महिन्यांची सरासरी. मोतीबिंदू पिकत आला असेल तर काढूनच जा. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि फ्लूची लस घ्या. गुडघे दुखत असतील तर लाजू नका, घडीची कमोड खुर्ची न्या. आम्ही नेली. पहिल्या दिवशी मुलं तिला सिंहासन म्हणाली, पण ह्यांचे गुडघे अठरा महिने टिकले ते तिच्यामुळे.

रोजची औषधं चार महिन्यांची घ्या आणि दोन वेगळ्या डब्यांत, दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. एक बॅग हरवली तरी निम्मी राहतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण मुंबईतली कंपनी तालुक्याला मिळेलच असं नाही. इन्सुलिन असेल तर न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत हव्यात. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण नंदुरबार जिल्ह्यातल्या मे महिन्यातल्या खोलीत नाही. वीज गेली की आम्ही मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं असं करायचो. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं.

आणि सगळं वाटून टाकू नका. तुमच्याकडे औषधं आहेत हे दुसऱ्या दिवशी गावाला कळतं आणि म्हाताऱ्या बाईला नाही म्हणवत नाही. अशा वेळी मला गॉर्डन हॉल आठवायचे. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी. १८२६ च्या मार्चमध्ये ते नाशिकला गेले तेव्हा तिथे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती. जवळची औषधं त्यांनी आजाऱ्यांना वाटली. परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकी झाली, तेव्हा जवळ औषध जवळजवळ उरलं नव्हतं. रविवारच्या शाळेत आम्हाला ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगायचे. मला मात्र तीत एक स्टॉकबुक न ठेवणारा माणूस दिसतो. देव मला क्षमा करो. तुमच्या स्वतःच्या औषधांचा डबा वेगळा, त्याला कुलूप, किल्ली गळ्यात.

त्या भागातलं आणखी दोन शब्द. तिकडे मुलांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. थंडी, ताप, कमी पाणी याने हातपाय असह्य दुखतात, तेव्हा “अंग दुखतंय” म्हणून शाळा चुकवणारं मूल कामचुकार समजू नका, पाणी पाजा आणि तपासायला न्या. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, हात-पाय हलू द्यायचा नाही आणि लस असलेल्या दवाखान्यात न्यायचं. सर्पदंशाची लस सर्वांत जवळ कुठे असते ते पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन बघा. रुग्णवाहिका १०८.

एका खोलीत दोघं

खरी तयारी ही. हिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

मी तीन पाळ्यांत काम केलं, ह्यांच्याही पाळ्या. मी रात्रपाळीहून येताना हे डबा घेऊन जिन्यात भेटायचे. रविवार सोडले तर एकतीस वर्षं आमचा संसार जिन्यातला. निवृत्त झाल्यावर हे सकाळी राणीच्या बागेत, दुपारी कट्ट्यावर, संध्याकाळी क्वायरच्या तालमीला. बाईंनी आम्हाला परत पाठवलं तेव्हा आम्ही मोजून पाहिलं. सबंध चार दिवस, चोवीस तास, तिसरं माणूस न येता आम्ही कधी एकत्र राहिलो होतो? आठवलं ते महाबळेश्वर, १९८८. तेसुद्धा तीनच दिवस.

म्हणून आम्ही घरातच एक महिना सराव केला. तुम्हीही करा. टीव्ही बंद. पहाटे पाचला उठणं, बादलीने आंघोळ, दोघांनी मिळून स्वयंपाक, एक भाजी, एक भाकरी-भात. एकत्र प्रार्थना, मोठ्याने, दोघांनीही. रोज चार किलोमीटर चालणं, दोघांनी बरोबर, एकाने पुढे आणि दुसऱ्याने मागे नाही. एका आठवड्यात एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, पुढच्या आठवड्यात उलट. कट्टा आणि भगिनी मंडळ महिनाभर बंद.

चौथ्या दिवशी मला कळलं की हे चहा पिताना आवाज करतात. छत्तीस वर्षांनी! ह्यांना कळलं की मी वॉर्डातल्यासारखं बोलते. “हे इथे नाही ठेवायचं. ते उचला. झालं का?” हे म्हणाले, “मी पेशंट आहे की वॉर्डबॉय, तेवढं सांग.” नवव्या दिवशी मी त्यांच्या प्रार्थनेत चूक काढली. वचन योहानाचं होतं, हे मत्तयाचं म्हणाले, आणि मी डोळे मिटलेले असतानाच दुरुस्त केलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

त्यातून दोन गोष्टी ठरल्या. चारचौघांत एकाने दुसऱ्याला तोडायला सुरुवात केली की दुसऱ्याने शांतपणे विचारायचं, “पाणी आणू का?” म्हणजे गप्प बस. बोर्डिंगातल्या लोकांना बरेच महिने वाटायचं की हे बायकोची फार काळजी घेतात. दुसरं, रोज दुपारी एक तास एकमेकांपासून लांब. हे पंपाकडे, मी खोलीत, कोणी कोणाला हाक मारायची नाही. प्रार्थनेने बरंच होतं, पण हा एक तास नसता तर आम्ही सहाव्या महिन्यात परत आलो असतो.

भाषेचं त्याच महिन्यात करून घ्या. तिकडे घरोघरी मावची ही आदिवासी बोली बोलतात. मराठी शाळेतल्या मुलांना येते, त्यांच्या आज्यांना येईलच असं नाही. आम्ही वॉर्डनकडून रोज एक वाक्य व्हॉट्सॲपवर बोलून मागवायचो. कुठे दुखतं, जेवलास का, बस, ये, उद्या ये. दोघांनी एकमेकांवर सराव करायचा. माझे उच्चार ऐकून मुलं लोळण घेत हसायची, आणि हसलेलं मूल दुखणं लवकर सांगतं.

मुलं आणि शिवडी

मुलाला सहा महिने आधी सांगा. डोंबिवलीच्या आमच्या सूनबाईंनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “आई, मग बुधवारी आणि शुक्रवारी ह्याला शाळेतून कोण आणणार?” ती चिडून बोलली नव्हती. तिची नोकरी त्या दोन दिवसांवर उभी होती. आम्ही पाळणाघर शोधलं, पहिले तीन महिने त्याचे पैसे आम्ही भरले, आणि निघण्याआधी महिनाभर नातवाला तिथे रुळवलं. “देवाच्या कामाला जातोय” एवढं म्हणून उंबरठा ओलांडू नका. तुमच्या सेवेचा निम्मा भार सून उचलत असते आणि तिला प्रशस्तिपत्र मिळत नाही.

नातेवाईक विचारतात, “तिकडे काय, धर्मांतराला?” आम्ही सांगायचो, पंखे दुरुस्त करायला. नवापूरकडे ख्रिस्ती घरं पिढ्यान्पिढ्या आहेत, त्यांना आमच्याकडून शिकायचं नव्हतं. उपासनेत तर आम्हीच मागच्या बाकावर बसून शिकलो.

आता एक विषय, जो आम्ही दोनदा काढला आणि दोनदा चहा करायला उठलो. तिथे कोणी गेलं तर? मी म्हणत होते, काही झालं तरी शिवडीला, आपल्या कब्रस्तानात आणायचं. सासूबाई शिवडीला आहेत. हे म्हणाले, “मला तिथेच ठेव. एवढ्या लांबून गाडीत घालून आणू नकोस, खर्च किती आणि तू एकटी.” मी म्हटलं, “आणि मी मग कुठे जायचं? शिवडीला तुमच्या आईजवळ, एकटीने?” खूप वेळ कोणी बोललं नाही. मग हे म्हणाले, “बरं, शिवडी. पण गाडी नॉन-एसी कर, पैसे वाचव.” आम्ही दोघंही इतकं हसलो की समोरच्या वहिनी विचारायला आल्या. हे कागदावर लिहा, एक प्रत मुलाला, एक पाळकसाहेबांना. आवाजावर काबू ठेवून मुलाला फोनवरही सांगा, त्याला कागदातून पहिल्यांदा कळू नये.

सामान

सुती कपडे सहा-सहा, कारण पावसाळ्यात वाळत नाहीत. स्वेटर आणि कानटोपी मुंबईकर विसरतात, तिकडची जानेवारीतली पहाट विसरू देत नाही. मच्छरदाणी चार कोपऱ्यांची. ह्यांची हत्यारं, ती घासाघीस करूनही कमी झाली नाहीत. शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, दोन प्रती, मोठ्या अक्षरांच्या. चष्मे दोन-दोन. मसाला एक किलो, याहून जास्त नको, तिथल्या जेवणाची सवय करा. सुकी मासळी नेऊ नका असं मला सांगितलं होतं, मी नेली, आणि स्वयंपाकीण बाईंशी मैत्री झाली ती तिच्यामुळेच.

गाडी सुरतवरून भुसावळच्या दिशेने जाते. नवापूर स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे, तेव्हा फलाटावर सामान मोजताना उगाच गोंधळू नका. उतरवून घ्यायला कोण येणार त्याचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये हवा.

आणि टॉर्च दोन घ्या. आम्ही एकच नेला होता. रात्री ज्याला उठायचं असायचं तो दुसऱ्याला उठवून विचारायचा, टॉर्च कुठे ठेवलास. पहिल्याच बाजाराच्या दिवशी हे दुसरा घेऊन आले, लाल रंगाचा, आणि त्यावर खिळ्याने माझं नाव कोरलं.